मालकाचा देव, गुलामाचा गळा

आमच्यातल्या एका कवीमित्राने परवा बैठकीत मला झापलं. कारण काय, तर मी लुई आर्मस्ट्राँग ऐकतो. त्यातही त्याची चर्चची गाणी ऐकतो! ‘पँथरचं नाव लावायचं आणि अंकल टॉमच्या आरत्या ऐकायच्या, हा कुठला विद्रोह?’ सगळे हसले. मीपण हसलो. जागच्या जागी उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं गोदीत सुचतात. पाठीवर ओझं आलं की डोकं मोकळं होतं. म्हणून आता लिहितोय. त्याच्या एकट्यासाठी नाही. बैठकीत जे हसले त्या सगळ्यांसाठी, आणि माझ्यासाठीसुद्धा. कारण पाच वर्षांपूर्वी मीही असाच हसलो असतो. हसण्यापेक्षा वाईट केलं असतं. केलंच आहे. ते शेवटी सांगतो.

आधी तबकडी.

नाव ‘लुई अँड द गुड बुक’. गुड बुक म्हणजे बायबल. १९५८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं, डेक्का कंपनीने काढली. एकूण बारा गाणी. साथीला लुईची नेहमीची मंडळी : ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग, पियानोवर बिली काइल, ड्रमवर बॅरेट डीम्स. शिवाय ऑर्गन आणि साय ऑलिव्हरने बसवलेला कोरस. गाणी बहुतेक गुलामांची. ‘नोबडी नोज द ट्रबल आय हॅव सीन’, ‘गो डाऊन मोझेस’, ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’, ‘डाऊन बाय द रिव्हरसाइड’. ह्या गाण्यांना कवी नाही. म्हणजे कवी होता, पण त्याच्या नावाची नोंद कोण ठेवणार? मालकाच्या वहीत त्याचं वय लिहिलेलं असायचं, किंमत लिहिलेली असायची. कविता लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. तबकडीतलं ‘शॅड्रॅक’ मात्र नंतरचं, रॉबर्ट मॅकगिम्सी नावाच्या गोऱ्या गीतकाराने त्याच घडणीवर रचलेलं. त्याचं नाव नीट छापून आलेलं आहे. बघा, साहित्याचा इतिहास कसा लिहिला जातो ते.

आता मित्राचा सवाल. तो फालतू नाही. मालकाने देव दिला, गुलामाने घेतला, गुडघे टेकले, रडला आणि गायला. ह्यात विद्रोह कुठाय? माल्कम एक्सनेही १९६४ साली चळवळीतल्या गाण्याबजावण्याची टर उडवली होती. गाणी बस झाली, आता हातपाय हलवा, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. गाऊन कोणाची बेडी तुटलेली नाही.

पण मालकाने देव दिला तो कसा दिला, ते बघा की जरा.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं. वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी, खास. त्यातून मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढतो ती सगळी कथा कापलेली. नोकरांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, ते ठेवलं. मोझेस उडवला! मालक काय खुळा नव्हता. पुस्तकातलं कुठलं पान सुरुंग आहे हे त्याला बरोबर कळत होतं. आणि तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथं गुलामाला अक्षर शिकवणं कित्येक राज्यांत गुन्हा होता, तिथं अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी निव्वळ कानाने ऐकून नेमकं तेच पान हुडकलं. पाठ केलं. त्याला चाल लावली. फॅरो म्हणजे कोण, हे गाणाऱ्याला ठाऊक होतं. इजिप्त म्हणजे कुणाचा मळा, हेही. मालक व्हरांड्यात बसून ऐकत असेल आणि म्हणत असेल, वा, किती देवभोळी झाली आमची माणसं! आणि ती देवभोळी माणसं त्याच्या तोंडावर त्याला सांगत होती की तुझी नाव बुडणार आहे.

हॅरिएट टबमन स्वतः गुलामीतून निसटली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन माणसं सोडवून आणत राहिली. तिला तिचे लोक काय म्हणायचे? मोझेस. फ्रेडरिक डग्लस. तोही पळालेला गुलाम. त्याने १८४५ साली आत्मकथा लिहिली. तो सांगतो, गुलाम गातात म्हणजे ते सुखात आहेत असं समजणं ही घोडचूक आहे. गुलाम सगळ्यांत जास्त दुःखात असतो तेव्हा सगळ्यांत जास्त गातो. १८५५ च्या पुस्तकात तो आणखी उलगडून सांगतो की आम्ही गाण्यात कनान म्हणायचो तेव्हा आमच्या मनात उत्तरेकडची मोकळी राज्यं असायची.

आणि ‘मदरलेस चाइल्ड’? आईच्या कडेवरून ओढून बाजारात विकलेल्या पोराचं गाणं आहे ते. त्यात ना स्वर्ग आहे ना पुण्य. लिलाव आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसने १९०३ साली आपल्या जगप्रसिद्ध पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ह्या गाण्यांच्या सुरावटी छापल्या. शब्द नाहीत, नुसती स्वरलिपी. शेवटचं अख्खं प्रकरण ह्या गाण्यांवर लिहिलं. ह्याच ड्यू बॉइसला १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र पाठवलं होतं. अमेरिकेतले काळे संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत, त्याची प्रत मागितली होती. म्हणजे आपलं आणि त्यांचं नातं १९७२ साली पँथर निघाली तेव्हाच जुळलं असं कुणी समजू नये. ते त्याआधीचं आहे.

आता लुईकडे या. अंकल टॉम म्हणून त्याला हिणवलं ते काय आपल्या बैठकीतच नाही. डिझी गिलेस्पीसारख्या त्याच्याच धंद्यातल्या पोरांनी हिणवलं. रुमालाने घाम पुसतो, दात दाखवतो, गोऱ्यांना हसवतो. १९४९ च्या मार्डी ग्रा उत्सवात तोंडाला रंग फासून झुलूंचा राजा झाला, तेही लोकांना झोंबलं. झोंबायलाच पाहिजे होतं. मी त्याची वकिली करत नाही.

पण हा माणूस कुठला? न्यू ऑर्लिन्सच्या गाळातला. जन्म १९०१. बाप टाकून गेलेला. लहानपणी भंगाराच्या नि कोळशाच्या गाडीवर काम. आई चर्चला न्यायची, गाण्याची पहिली रीत तिथं शिकलो असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री पिस्तुलाचा बार हवेत काढला म्हणून अकरा वर्षांच्या पोराला पोलिसांनी धरलं आणि काळ्या पोरांच्या सुधारगृहात टाकलं. तिथं पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याच्या हातात कॉर्नेट दिलं. बाहेर आल्यावर पुन्हा कोळसा. काही दिवस केळ्यांची बोटही खाली केली त्याने. एकदा केळ्यांच्या घडातून मोठा उंदीर निघाला, तसा घड टाकून जो पळाला तो परत त्या कामावर गेलाच नाही. हे वाचलं तेव्हा मी धक्क्यावर बसून एकटाच खदाखदा हसलो. दोस्तहो, उंदीर माझ्याही पायावरून गेलेत. फरक एवढाच की त्याच्याकडे पळून जायला ट्रम्पेट होतं.

आणि आता तारखा बघा. तारखा खोटं बोलत नाहीत.

४ सप्टेंबर १९५७. आर्कान्सॉ राज्यातलं लिटल रॉक गाव. गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळी पोरं शिकायला निघाली. गव्हर्नर फॉबसने त्यांना अडवायला बंदूकधारी शिपाई उभे केले. आपल्याला काय नवीन आहे? पाणवठा म्हणा, शाळा म्हणा. हे चालू असताना लुई नॉर्थ डकोटात कार्यक्रमाला गेला होता. एका कोवळ्या वार्ताहराने विचारलं आणि ज्याला सगळे हसरा बाहुला समजत होते तो फुटला. दक्षिणेत माझ्या माणसांना जी वागणूक मिळतेय ती बघता सरकार गेलं खड्ड्यात, असं सरळ म्हणाला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला दुतोंडी म्हणाला, धमक नाही म्हणाला. सरकारतर्फे रशियाचा दौरा ठरत होता, तो मोडला. रेडिओवाल्यांनी त्याच्या तबकड्या फेकल्या. त्याने शब्द मागे घेतला नाही. २४ सप्टेंबरला आयझेनहॉवरने लष्कर पाठवलं आणि पोरं शाळेत गेली. लुईमुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण तो गप्प बसला नाही, हे पक्कं.

त्यानंतर पाच महिन्यांनी, १९५८ च्या फेब्रुवारीत, तो स्टुडिओत उभा राहिला आणि ‘गो डाऊन मोझेस’ गायला.

आता सांगा, हा फॅरो कोण? हजारो वर्षांपूर्वीचा मिसरचा राजा? पाच महिन्यांपूर्वी शाळेच्या दारात शिपाई उभे करणारा फॅरो ताजा होता! ऐकणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाने वर्तमानपत्र वाचलेलं होतं. तबकडीच्या पाकिटावर हे छापायची गरजच नव्हती. १९५६ साली लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांनी एका मंचावर वाजवायला बंदी घातली. लुईच्या वाद्यवृंदात दोन्ही होते. मग त्याने जन्मगावी वाजवणंच सोडलं, ते थेट १९६५ पर्यंत. अंकल टॉम असला असतो होय? डिझी गिलेस्पीनेही पुढे १९७९ च्या आपल्या आत्मकथेत कबूल केलं की लुईच्या त्या हसण्याचा अर्थ आपल्याला उशिरा कळला. जगण्यातला आनंद हिरावून घ्यायला त्याने वंशद्वेषाला परवानगी दिली नव्हती, बस. मोठ्या माणसाने चूक कबूल केली. आपण कधी करणार?

तबकडी निर्दोष आहे असंही नाही. मला तो कोरस खटकतो. फार स्वच्छ आहे. केस विंचरून, पावडर लावून उभा राहिल्यासारखा. आकाशवाणीच्या सुगम संगीतातला कोरस आठवतो. मळ्यातल्या माणसांचा गळा असा नव्हता. कंपनीला गोऱ्यांच्या दिवाणखान्यात रविवारी दुपारी वाजेल असं काहीतरी हवं असणार. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाची काळी मुलं हीच गाणी घेऊन गावोगाव फिरली, विद्यापीठासाठी पैसे उभे केले, राणी व्हिक्टोरियासमोरही गायली. तेव्हापासून ही गाणी इस्त्री करून घालायची रीत पडली. कॉलेज उभं राहिलं, हे मोठं काम. पण इस्त्रीत घामाचा वास जातो.

आणि मग त्या गुळगुळीत कोरसमध्ये लुईचा आवाज येतो. खडीच्या ढिगाऱ्यावरून पत्रा ओढल्यासारखा. तो एक ओळ टाकतो, कोरस उचलतो. ही रीत तुम्ही ओळखत नाही का? पुढचा हाळी देतो, मागचे जोर लावतात, आणि लोखंड जागचं हलतं. धक्क्यावर आम्ही दुसरं काय करतो? जलशात दुसरं काय होतं? मग ट्रम्पेट येतं. फार वाजवत नाही. बोटांची कसरत नाही. सरळ सूर, जसं काय कोणी उभं राहून नाव घेऊन हाक मारतंय. ट्रम्पेट आलं की देव मागे पडतो. नुसता श्वास उरतो. माणसाचा श्वास, पितळेतून बाहेर पडणारा. त्याला हिंदू-ख्रिश्चन काही नसतं.

हे पितळ आपल्याही गल्लीत आलंय, लांबून आलेलं नाही. गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताज हॉटेलात बड्यांना नाचवायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे सिनेमाला वाजवायचा. १९५१ च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ तुमच्या-माझ्या वस्तीतल्या लग्नात अजून वाजतं. जॅझ म्हणजे दक्षिण मुंबईतल्या साहेबांची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी लग्नाच्या बँडवाल्याकडे एकदा नीट बघावं. न्यू ऑर्लिन्समध्ये काळे बँडवाले मयताला संथ भजन वाजवत जायचे आणि परतताना नाचरं वाजवत यायचे. आपल्याकडेही मयताला आणि वरातीला वाजवायचं काम कुणाकडे होतं? मेलेल्या ढोराचं कातडं आमच्या हाताने ओढलेलं, हलगी आमच्या हाताने मढवलेली, ताल आमचा. आणि ताल ऐकून अंगात येणारे मात्र शिवायला तयार नाहीत.

इथवर सगळे माना डोलवतील. आता अवघड जागेवर येतो.

कोणी म्हणेल, मग काय, आपणही आजोबांचे अभंग गायला लागायचं? टाळ घेऊन पंढरपूरला निघायचं? नाही. इथं आपला आणि काळ्यांचा रस्ता फुटतो, आणि तो का फुटतो ते समजून घ्या. काळ्या गुलामाला मालकाच्या पुस्तकात मोझेस सापडला. कापलेल्या पुस्तकातसुद्धा त्याने तो हुडकला असता. आपल्याला मालकाच्या पुस्तकात कोण सापडतो? शंबूक, मान उडवलेला. एकलव्य, अंगठा कापलेला. दास्यातून आपल्याला बाहेर काढणारा त्या पुस्तकात कोणीच नाही, ते पुस्तकच मुळी आपल्याला दास्यात ठेवायला लिहिलेलं. म्हणून आपल्या मोझेसने पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मच सोडला. त्या बावीस प्रतिज्ञांशी मी बेइमानी करणार नाही. देव आपण टाकला तो टाकला.

पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक कोणाला अर्पण केलं? नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला. तीनही संत, तीनही आपले. चोखोबाचा विठोबा त्यांना नको होता. चोखोबाला मात्र त्यांनी दाराबाहेर ठेवलं नाही. हा फरक आपल्या बैठकीला अजून कळलेला नाही.

आपल्या शाहिरांना तो कळला होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले. तमाशाचा साचा घेतला, त्यातला देव बाजूला काढला आणि त्या जागी पाण्याचा, शाळेचा, सत्याग्रहाचा सवाल घातला. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तोवर गावोगाव गात राहिले. भजनाची चाल, लग्नाची चाल, सिनेमाची चाल, मिळेल ती चाल आपल्या माणसांनी उचलली आणि तिच्यात भीम भरला. कुणा प्राध्यापकाची परवानगी घेतली नाही. मळ्यातल्या गुलामांनी केलं तेच. मालकाच्या घरातून भांडं आणलं, घासलं, आणि त्यात आपलं पाणी भरलं.

ह्यात एक धोका आहे, तोही सांगून टाकतो. देव काढून जी जागा रिकामी होते ती रिकामी राहत नाही. हल्ली काही भीमगीतं ऐकली की मला घाम फुटतो. बाबासाहेबांची आरतीच की! नवस, कृपा, चरणी लीन. मालकाचं भांडं घासून आणलं आणि त्यात पुन्हा मालकाचंच तीर्थ भरलं. लुईच्या तबकडीवर हसणाऱ्यांनी आधी आपल्या जयंतीच्या स्पीकरवर काय वाजतंय ते ऐकावं. गुलामाच्या गाण्यात देव असून सवाल होता. आपल्या गाण्यात देव नसून सवाल हरवत चाललाय.

आता सुरुवातीला सांगितलेलं.

माझी आजी माण तालुक्यातली. लहानपणी तिच्या बापाने घरातले देव टोपलीत घालून ओढ्याला सोडले, ती टोपली तिने स्वतः डोक्यावरून नेली होती. बुद्धवंदना तिला पाठ होती. पण पहाटे काम करताना तोंडात जुन्या ओव्याच यायच्या. त्यात विठ्ठल असायचा. ती त्याला अरेतुरे करायची, त्याला फैलावर घ्यायची. तू आमच्यासाठी काय केलंस रे, असा सगळा सूर. मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालेलो, नुकता चळवळीत आलेलो, डोकं पेटलेलं. एक दिवस तिच्यावर ओरडलो, ‘बौद्धाच्या घरात विठ्ठल कशाला? बंद कर!’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बरं बाबा.’ आणि थांबली. पुन्हा गायली नाही. दोन वर्षांनी गेली.

मला वाटलं होतं मी देवाला गप्प केलं. मी एका बाईला गप्प केलं होतं. तिच्या ओव्यांतला एखादा शब्द आठवतो. चाल आठवत नाही. कितीही डोकं आपटलं तरी आठवत नाही. आणि चालीतच सगळं होतं.

‘नोबडी नोज’ लागतं तेव्हा, रात्रपाळी सुटल्यावर, कानात ते घालून बसलेला असतो तेव्हा, मला मिसिसिपी दिसत नाही. आजीचं तोंड दिसतं. मिटलेलं.

म्हणून कवीमित्रा, तुला उत्तर हे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक गाणं आणायचं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपुढे बसायचं, मोबाइल चालू करायचा आणि तिला म्हणायचं, गा. मध्ये बोलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. त्यात विठ्ठल येवो, मरीआई येवो, नाहीतर नवऱ्याला शिव्या येवोत. देव आपण नंतर निवडून काढू, भाकरीतला खडा काढतात तसा. खडा लागला म्हणून भाकरी फेकून देणारा माणूस कधी उपाशी राहिलेला नसतो.

तुझी आजी अजून जिवंत आहे. मला माहीत आहे. उशीर करू नको.

जय भीम.